गजाभावची बाकडी

तवा आमी पाचच होतो. यष्टीतनं रिटायर झालेला कंडक्टर गजाभाव, गावची आशाताई, वाडीवरची सोमी, माझा पोरगा मधू आणि मी यमुना. कशेळ्याला गिरणीच्या मागं, पत्र्याखाली, बाजाराच्या दिवशी. मनानं खचलेल्यांचं आमचं मंडळ तिथंच चालू झालं.

पयल्या दिवशी गजाभावनं काय केलं, तर बाकडी एकामागं एक लावली, यष्टीसारखी. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडं. मला सोमीचा अंबाडा दिसं, सोमीला खांब. मी बोल्ले, "अरं, आमी बोलाय आलोत का कर्जतला चाललोत?"

"आक्का, तीस वर्सं गाडीत काढली," तो म्हणं. "तोंडाकडं बघून कोण दुःख सांगत नाय. शेजारी बसून, भाईर बघत सांगतं. चला, पुढं सरका."

हे 'पुढं सरका' म्हंजे डोक्याला ताप. कोण रडाय लागलं तरी हा मागनं, "पुढं सरका, दाराशी गर्दी नको." पत्र्याला दार तरी कुठाय?

मधू माथेरानला हाटेलात कामाला होता. तिथनं आला तो गप. आठ म्हयने तोंडातनं शब्द नाय. पावण्यांनी सांगितले तितके देवऋषी केले. कोंबड्या गेल्या, पोरगं तसंच. म्हणून तर मी मंडळात आणला.

मग मुंबईच्या एका संस्थेची माणसं आली. दर म्हयन्याला डाक्तरीणबाय पाठवतो बोल्ली, पण बाकडी काढून खुर्च्या गोल मांडा. मी हरखले. गजाभाव बोल्ला, "नाय."

माझं टाळकं फिरलं. "माझ्या पोराचा डाक्तर तुझ्या बाकड्यांपायी घालवतोस व्हय रं?" चार दिवस त्याच्याशी बोल्ले नाय. शेवटी आशाताईनं त्याला न इचारताच बाकडी भाईर काढली नि खुर्च्या गोल मांडल्या.

डाक्तरीणबाय आली. चांगली होती बाय. समोरनं मायेनं मधूला इचारलं, "कसं वाटतंय?" मधू उठला नि भाईर जाऊन रस्त्याकडंच्या बाकड्यावर बसला. गजाभाव त्याच्या शेजारी. आमी बायका खांबाशी उभ्या.

दोघं बराच वेळ जीपा बघत होते. मग गजाभावच बोल्ला, रस्त्याला सांगितल्यासारखं.

"माझी बायको एक दिवस विहिरीवर गेली, ती परत आली नाय. लोकांनी नुसती घागर आणून दिली. गाडीत कुणाकुणाच्या शेजारी बसलो मी. तिच्या शेजारी कदी बसलो नाय. जेवलो, तेबी समोर बसून, ताटात बघत."

मधूनं मान नाय वळवली. हळू बोल्ला, "अण्णा, मला झोप लागत नाय."

मी तोंडाला पदर लावला. डाक्तरीणबाय गुपचूप गेली नि त्याच बाकड्याच्या टोकाला बसली, रस्त्याकडं तोंड करून. मधूच्या गोळ्या तिथनं चालू झाल्या. आता तो चौक गावाला गॅरेजात कामाला जातो. कदी बरा असतो, कदी नाय.

आता लई माणसं येतात. बाकडी पुरत नायत. गजाभाव आपली जागा दुसऱ्याला देतो नि दोन-दोन तास मागं उभा ऱ्हातो. गुडघे सुजलेत. बस बोल्लं तर म्हणतो, "कंडक्टरला सवय हाय."

हे कोण वाचत असंल, नि घरात जुनं बाकडं पडलं असंल, तर कशेळ्याला आणून टाका. दोन माणसं बसतील येवढं पुरं. गजाभावला बसवायचं मी बघते.