हेमचंद्ररावांनी गाडी पारखली

"पेट्रोल खलास! आता फक्त वीज!"

हेमचंद्रराव प्रधानांनी अशी घोषणा केली तेव्हा ते विजेवर चालणाऱ्या एका आलिशान गाडीत, लग्नातल्या नवरदेवासारखे ताठ बसले होते.

ते दुबईत, जबल अली बंदरातल्या एका गोदाम-कंपनीत मॅनेजर. २००८च्या मंदीत अर्धं ऑफिस बॅगा भरून मायदेशी गेलं. हेमचंद्रराव राहिले आणि त्यांची खडखडणारी गाडीही राहिली. आता अकरा वर्षांनी कंपनी त्यांना नवी, भारीतली गाडी देणार होती. पेट्रोलची की विजेची, ते शुक्रवार-शनिवारची सुटी संपून रविवारी ऑफिस उघडताच सांगायचं होतं. शोरूमवाल्याने विजेची गाडी वीकेंडपुरती चालवून बघायला दिली होती.

"उद्या अल ऐनला हीच न्यायची! पिकअप, रेंज, रोजची सोय, सगळं तपासून टाकतो!"

दीडशे किलोमीटरवरच्या अल ऐन शहरात हेमचंद्ररावांच्या पत्नी छायाताईंच्या भाचीचं, शुभ्राचं, डोहाळजेवण होतं. तिला नववा लागला होता.

"अहो, रस्त्यात बंद पडली तर?" छायाताईंनी विचारलं.

"चारशे किलोमीटर जाते! जाऊन येऊन उरेल!"

शुक्रवारी सकाळी निघाले. ऑगस्टचं ऊन. एसी असा सोडला की मागच्या सीटवर त्यांची मुलगी मुग्धा ओढणी गुंडाळून बसली. हमरस्त्याला लागताच हेमचंद्ररावांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी गोफणीतल्या दगडासारखी सुटली. छायाताईंच्या मांडीवरचा मोदकांचा डबा उडून पुन्हा मांडीवर आला.

"पिकअप पाहिलात?"

"बाबा, प्लीज डोन्ट डू दॅट अगेन!" मुग्धा ओरडली.

बाबांनी आणखी चारदा केलं. अल ऐनला पोचल्यावर तर त्यांना चेवच आला. शुभ्राच्या व्हिलाच्या फाटकात जमलेल्या पाहुण्यांना त्यांनी आळीपाळीने फेऱ्या मारून आणल्या. एका तुकडीला जबल हफीत डोंगराच्या घाटातही चढवून आणलं. सगळे "वा! वा!" करत उतरले. शेवटी हेमचंद्ररावांची नजर स्क्रीनवर गेली. गाडी आणखी जेमतेम पंधरा किलोमीटर जाणार होती!

"त्यात काय! घरच्या प्लगला लावू!" त्यांनी खिडकीतून वायर आत घेतली आणि स्वयंपाकघरातल्या प्लगला जोडली.

आत शुभ्रा फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसली होती. ओव्हनमध्ये बिर्याणी, चार खोल्यांत चार एसी, त्यात ही गाडी. फट्! घरातली वीज गेली!

शुभ्राचा नवरा कुशल तिथल्या विद्यापीठात शिकवायचा. स्वभावाने गरीब. त्याने बटणं वरखाली करून पाहिली, बोर्डातून जळका वास आला.

"काका, मी इलेक्ट्रिशियनला घेऊन येतो," म्हणत तो स्वतःची गाडी काढून गेला. पाहुण्यांनी घाम पुसत ओटी भरली, मोदक तोंडात कोंबले आणि "इन्शाल्ला बारशाला भेटू" म्हणत पळ काढला. घरात उरले प्रधान मंडळी, शुभ्रा आणि कुशलची आई कुंदाताई.

एवढ्यात शुभ्राने पोट धरलं. "मावशी... कळा!"

"अगं बाई!" कुंदाताई मटकन बसल्या.

"ॲम्ब्युलन्सला फोन करा!" छायाताई म्हणाल्या.

"ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी पोचवतो! हॉस्पिटल दहा किलोमीटर तर आहे. यल्ला, चला!" हेमचंद्रराव धावले. पण गाडी वायर सोडेना! त्यांनी बंपरला पाय लावून ओढलं.

"बाबा! फर्स्ट अनलॉक इट!"

शेवटी तिनेच लॉक उघडलं. वायर सुटली, हेमचंद्रराव फाटकापर्यंत गडगडत गेले.

सगळे बसले. एसी बंद, काचा खाली, बाहेरून भट्टीचा वारा. इतका वेळ गोफण झालेली गाडी आता अंड्यांची टोपली नेल्यासारखी चालली होती. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. शुभ्रा कण्हत होती आणि कुंदाताई तिला वारा घालत होत्या. हेमचंद्ररावांचे डोळे स्क्रीनवर, त्यामुळे चौकात वळायचा रस्ता चुकला आणि त्यांनी गोल चक्कर मारली. पुन्हा चुकला, पुन्हा चक्कर!

"अहो, प्रदक्षिणा कसल्या घालताय!"

"तूच सांग मग कुठून वळू ते!" ते ओरडले. आपल्या मिजाशीपायी पोरीचं काही बरंवाईट झालं तर? आयुष्यात प्रथमच ते बायको सांगेल तिथे निमूट वळले.

हॉस्पिटलच्या दाराशी, अगदी पायरीला लागून, स्क्रीन काळा पडला. गाडीने शेवटचा श्वास सोडला. वॉचमन व्हीलचेअर घेऊन धावला आणि शुभ्रा आत गेली. हेमचंद्ररावांनी तिथेच हात जोडले.

निरोप मिळताच कुशल घामाघूम होऊन पोचला. फोनवर पुण्याला वडिलांना सांगत होता, "हो आबा, काकांच्या गाडीमुळे शुभ्रा वेळेत पोचली!" ऐकून हेमचंद्ररावांची मान जरा सरळ झाली. छायाताईंनी एवढंच विचारलं, "मग? रविवारी काय सांगणार?"

"पेट्रोल," ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात डॉक्टर खतीजा हसत बाहेर आल्या. "बच्चा एकदम ठीक है. अभी टाइम है. गॅस है, बस. कितने मोदक खाए इसने?"

मागोमाग शुभ्रा स्वतःच्या पायांनी चालत आली. चेहऱ्यावर टवटवी, केसांत अजून फुलं.

"सॉरी हं काका! पण काय मऊ सीट्स आहेत तुमच्या गाडीच्या! मी तुमच्याच गाडीतून घरी जाणार. आणा ना ती दाराशी!"

काचेच्या दरवाज्याबाहेर दोन ॲम्ब्युलन्स हॉर्न वाजवत होत्या आणि पाच वॉचमन ती मऊ सीटची गाडी ढकलत होते. ती तसूभरही हलत नव्हती.

"दाराशीच आहे गं," हेमचंद्रराव म्हणाले, "म्हणून तर पंचाईत आहे!"