सत्तावीस नंबरच्या घराचा भाव

भास्करराव पागे यांना घर विकायचं नव्हतं. त्यांना फक्त त्याचा भाव हवा होता.

रविवारच्या पेपरात पानभर तक्ता आला होता. बडोद्याच्या कुठल्या भागात घरांचे दर किती वाढले, याचा. भास्कररावांनी तो चहा गार होईपर्यंत वाचला. गोत्री होती, अलकापुरी होती, कालपर्यंत जिथे शेत होतं तिथलीही नावं होती. मात्र ‘मांजलपूर, जुनी टेनामेंट’ या, म्हणजे त्यांच्या सोसायटीसारख्या जोडून बांधलेल्या बैठ्या घरांच्या, ओळीपुढे नुसती आडवी रेघ होती.

“वसू, आपल्या घराला भावच नाही.”

“कुणाला नाही?” वसुंधराबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“घराला. सगळ्या गावाला आहे. आपल्यापुढे रेघ.”

“मग आपल्याला काय बाजार मांडायचाय?”

बाजार मांडायचा नव्हता, हे खरंच होतं. पण भास्कररावांनी चौतीस वर्षं मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात काढली होती. हातात आलेली प्रत्येक वस्तू मोजून पुढे पाठवायची, हा त्यांचा धर्म. आणि जिच्यात आपण एकतीस वर्षं राहतोय त्या वस्तूचं माप आपल्याला माहीत नाही, ही गोष्ट त्यांना दिवसभर टोचत राहिली. सोसायटीत अकरा वर्षांत एकही घर विकलं गेलं नव्हतं, त्यामुळे कुणाला विचारण्याचीही सोय नव्हती.

सोमवारी ते केयूरच्या दुकानासमोर जाऊन उभे राहिले. केयूर घरांचा दलाल. जन्मानं गुजराती, पण दांडिया बाजारच्या मराठी वस्तीत वाढल्यामुळे मराठी बोलायचा आणि अडेल तिथे गुजराती ओतायचा. भास्करराव बाहेरची पाटी वीस मिनिटं वाचत राहिले. शेवटी केयूरच बाहेर आला.

“केम छो काका? घर विकायचं छे?”

“नाही, नाही. म्हणजे... सहज. भाव काय असेल, एवढंच.”

केयूरचे डोळे चमकले. पंधरा वर्षांच्या धंद्यात पहिल्या दिवशी ‘विकायचंय’ म्हणणारा मालक त्यानं एकही पाहिला नव्हता. जो विकायला निघतो तो ‘सहज’ म्हणतो, हे त्याला पाठ होतं.

“काका, भाव माझ्या खिशात नसतो. पार्टी येते, घर बघते, तिच्या तोंडातून आकडा पडतो. तो भाव.”

“पार्टी आणायलाच हवी का?”

“पार्टीशिवाय भाव म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. शुक्रवारी घेऊन येतो.”

इथे ‘नको’ म्हणायला हवं होतं. पण भाजीवालीनं तागडीत टाकलेली भेंडी परत काढायला लावणं भास्कररावांना उभ्या आयुष्यात जमलं नव्हतं. त्यांनी मान हलवली. कोणत्या बाजूला, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, “शुक्रवारी केयूरच्या ओळखीचे येणार आहेत. त्यांना असंच घर बांधायचंय, म्हणून आपलं बघायचंय.”

“येऊ देत की,” वसुंधराबाई खूश झाल्या. आपलं घर पाहून कुणाला तसंच बांधावंसं वाटेल, असं त्यांना स्वतःलाही कधी वाटलं नव्हतं.

शुक्रवारी गोत्रीहून आनंदभाई आणि निरुपमाबेन आले. सोबत केयूर. वसुंधराबाईंनी त्यांना काहीही न लपवता घर दाखवलं. “या कोपऱ्यात ओल येते, पण सवय होते. हे दार लागत नाही, पण आम्ही तरी कुठे लावतो!” निरुपमाबेन हसत होत्या. आनंदभाई घरात कमी आणि अंगणातच जास्त फिरले. मग सगळे बैठकीत आले, आणि वसुंधराबाई कसल्याशा तयारीला आत गेल्या.

आनंदभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. “पंच्याऐंशी लाख.”

भास्कररावांना ठसका लागला. एकतीस वर्षांपूर्वी घर घेतलं तेव्हाची रक्कम आठवून लागला असावा. ते खोकू लागले. केयूरनं आनंदभाईंकडे बघून डोळ्यानंच खूण केली, की काका नाराज आहेत.

“चालो, नव्वद.”

चहा भलत्याच नळीत गेला होता. खोकला थांबेना.

“पंच्याण्णव. बस काका, आता एनाथी उपर नहीं.”

खोकला थांबला, कारण भास्करराव श्वास घ्यायलाच विसरले होते. आणि त्याच क्षणी वसुंधराबाई ताट घेऊन बाहेर आल्या. घरी पहिल्यांदा आलेली सवाष्ण रिकामी पाठवायची नाही, ही त्यांच्या सासरची रीत. त्यांनी निरुपमाबेनना पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, ओटीत तांदूळ घातले, ब्लाउजपीस घातलं, आणि वर नारळ ठेवून त्यावर एक रुपया ठेवला.

निरुपमाबेननी नवऱ्याकडे पाहिलं. नारळ आणि रुपया हातात आला की सौदा पक्का, ही त्यांच्याकडची रीत. आनंदभाई उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

“घरनी लक्ष्मीए पोते श्रीफळ ने रुपियो आप्यो! बस, वात पाकी.”

“पाकी!” केयूर म्हणाला, आणि वाकून भास्कररावांच्या पाया पडला. “काका, तीस तारीख. आरामात खाली करा.”

मंडळी गेली. वसुंधराबाई दारातून हात हलवत होत्या. हात हलवता हलवताच त्यांनी विचारलं, “काय खाली करायचंय?”

भास्कररावांनी सांगितलं. खाली बघून सांगितलं, पण सगळं सांगितलं.

“म्हणजे मी माझ्या हातानं, हळदीकुंकू लावून, माझं राहतं घर दिलं?”

“ब्लाउजपीससुद्धा दिलंस,” भास्करराव म्हणाले. त्यांना नुसतं अचूक राहायचं होतं, पण ते वाक्य बोलायला नको होतं.

 मग वसुंधराबाईंनी बजावलं, “हे निस्तरायचं. मी या घरातून हलणार नाही. आणि अमोघला यातलं अक्षर कळता कामा नये.” अमोघ हा त्यांचा एकुलता एक मुलगा, बायको ऋचासह पुण्याला असतो. “पोरगं आधीच म्हणतं, बाबांना कुणीही गुंडाळतं.”

भास्कररावांनी केयूरला फोन लावला. “केयूर, अरे, मी तर काही बोललोच नव्हतो.”

“एटले तो काका, म्हणूनच तर! बोलणारा माणूस फिरतो. न बोलणारा कधी फिरत नाही. आनंदभाई तेच म्हणाले, माणूस वजनदार आहे.”

संध्याकाळी शेजारचे दत्ताजीराव आले. त्यांच्या आणि पाग्यांच्या घरात एकच सामाईक भिंत होती, आणि ती फारशी जाड नव्हती.

“भास्करराव, पंच्याण्णव? आणि मला सांगितलं नाही?”

“अहो, तसं नाही ते...”

“असू द्या, असू द्या. माझं घर कोपऱ्यावरचं. म्हणजे माझं एक कोटी पाच झालं ना?”

“तुम्हाला विकायचंय?”

“छे! सहज विचारतोय.”

शनिवारी सकाळपर्यंत सोसायटीतली सगळी घरं मनातल्या मनात विकली गेली होती. फिरायला जाणारी मंडळी ‘जय महाराज’ म्हणण्याऐवजी एकमेकांना आकडे सांगत होती. कुणाच्या हातात एक रुपया आला नव्हता, पण सगळ्यांची चाल बदलली होती. अकरा नंबरच्या मोहनाताईंनी तर भांडीवालीशी घासाघीस करणं सोडलं. कोट्यधीश बाईला ते शोभत नाही, असं त्यांना वाटलं असावं. दत्ताजीरावांचा एक कोटी पाचचा आकडा दुपारी मांजलपूरच्या नाक्यावर पोचला, आणि तिथून पुढे कुठे गेला ते कळायला मार्ग नव्हता.

भास्कररावांनी तीन दिवस घरात काढले. अस्वस्थ माणूस काहीतरी दुरुस्त करत बसतो, तसा त्यांनी शनिवारीच मोरीच्या नळाचा वॉशर बदलला. मंगळवारी वसुंधराबाईंनी त्यांच्या हातात स्कूटरची किल्ली ठेवली.

“चला गोत्रीला. समोर बसून सांगायचं, आमची चूक झाली. मी आहे बरोबर.”

“काय बोलायचं नेमकं?”

“एकच वाक्य. ‘आनंदभाई, घर आम्हाला परत द्या.’ पाठ करा.”

भास्करराव ते वाक्य अक्षर चौकापासून गोत्रीपर्यंत पुटपुटत गेले. आनंदभाईंच्या फ्लॅटमध्ये पाणी आलं, फाफडा आला, तरी वाक्य येईना. वसुंधराबाईंनी कोपर मारलं, तेव्हा ते आलं.

“आनंदभाई, घर आम्हाला परत द्या.”

आनंदभाई चकित झाले. मग त्यांनी सगळी हकिकत ऐकून घेतली, ओटीचा अर्थ समजून घेतला आणि कपाळावर हात मारला.

“अरे भास्करकाका, पहेलां कहेवुं हतुं ने! माझ्याकडे असतं तर आत्ता परत दिलं असतं. पण आता मारी पासे क्यां छे? रविवारी पुढे दिलं.”

“दिलं म्हणजे?”

“एक कोटी तीनला. सगळं मांजलपूर एक कोटी पाच बोलत होतं. मी दोन लाख कमीच घेतले.”

“पण घर तुमचं होतं कुठे?” वसुंधराबाईंनी विचारलं.

“तमारुं श्रीफळ तो मारी पासे हतुं!”

निरुपमाबेन ओशाळल्या. “बेन, मी यांना सांगितलं होतं, एवढ्या प्रेमानं दिलेलं असं बाजारात फिरवू नका. पण यांचे कान फोनलाच.”

राहतं घर हातातून चाललं होतं, हे भास्कररावांना कळत होतं.  तरीही त्यांना राहवेना.

“शुक्रवार ते रविवार, आठ लाख? मग या दोन दिवसांत घरात बदललं काय?”

“कंई नहीं, काका. घर तेच.”

“मी नळाचा वॉशर बदलला,” भास्करराव प्रामाणिकपणे म्हणाले.

“अहो!” वसुंधराबाई ओरडल्या. “आता कोणाकडे आहे ते विचारा!”

आनंदभाईंना फारसं माहीत नव्हतं. दुसऱ्या एका दलालानं पुण्याचा कुणी मुलगा आणला होता. मुलानं शकुनाचे एक हजार एक रुपये फोनवरून आनंदभाईंना पाठवले होते. घराचा नंबर मात्र त्याला सांगितला नव्हता. दलाल तो कधीच आधी सांगत नाहीत, नाहीतर घेणारा थेट मालकाकडे जातो आणि दलाली बुडते. “छोकरो चांगला छे. फोन करो, समजेल तो. नंबर घ्या.”

आनंदभाई एकेक आकडा सांगू लागले आणि भास्करराव एका बोटानं दाबू लागले. आठव्या आकड्यापाशी त्यांचं बोट थांबलं. फोननं पुढचं स्वतःच ओळखलं होतं. पडद्यावर नाव आलं होतं : अमोघ.

त्यांनी फोन बायकोला दाखवला. वसुंधराबाईंनी चष्मा वर केला, खाली केला, आणि स्वतःच हिरवं बटण दाबून आवाज मोठा केला.

“बाबा! मीच करणार होतो फोन! सरप्राइज आहे. तुमच्याच सोसायटीत मी घर घेतलंय. कंपनी म्हणते, महिन्यातून चारच दिवस पुण्याला या. मग म्हटलं, बडोद्यालाच राहू. वेगळं घर, पण हाकेच्या अंतरावर. ऋचालाही पटलं.”

“कुठलं घर?” भास्करराव पुटपुटले.

“नंबर सांगत नाहीये तो दलाल. जुनाट बैठं काहीतरी आहे. घराला किंमत नाही बाबा, किंमत जमिनीची. पाडून दुमजली बांधायचं. मालक म्हणजे एक म्हातारा-म्हातारी आहेत, तीस तारखेला खाली करून देणार. पण तो म्हातारा पक्का बेरकी आहे म्हणे. तोंडातून शब्द काढत नाही, नुसता बसून भाव चढवत नेतो.”

भास्कररावांना आजवर कुणी बेरकी म्हटलं नव्हतं. त्यांना वाईट वाटायला हवं होतं, पण पाठ मात्र थोडी ताठ झाली.

“बाबा, तुम्हाला तिथे सगळे मानतात. कोण आहे तो, शोधून काढा ना. जरा शब्द टाका. थोडा खाली आला तर बघा.”

“कितीपर्यंत?” भास्कररावांनी विचारलं. हे त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

“एक कोटीला पटला तर लगेच घ्या.”

“शुं कहे छे?” आनंदभाईंनी हळूच विचारलं.  वसुंधराबाईंनी नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला, पदर सावरला आणि तोंडासमोर धरला.

“अमोघ, त्या घराची मालकीण बोलतेय.”

“...आई?”

“भावात एक पैसा कमी होणार नाही. घर पाडता येणार नाही. आणि खालीबिली काही मिळणार नाही. हवं असेल तर आतल्या म्हातारा-म्हातारीसकट घ्यावं लागेल.”