मोहिते सरांचा बिकॉज

“ह्या बिकॉजचं गणगोत कुठाय रं?”

कराडच्या आमच्या कॉलेजात अशी आरोळी आली की ओळखावं, इंग्रजीचे मोहिते सर पेपर तपासताहेत. पोरं ‘बिकॉज इट वॉज रेनिंग’ एवढंच लिहून पूर्णविराम देत. सर कासावीस होत. “पावसामुळं काय झालं? रस्ता वाहून गेला? लग्न मोडलं? माणसाला असं टांगून ठेवायचं व्हय?”

‘ऑल्दो’ लिहून पुढं ‘बट’ जोडणाऱ्याला ते म्हणत, “एका पायात दोन चपला कशाला रं, गड्या?”

मी भूगोल शिकवतो, तरी त्यांच्या धाकानं मीही वाक्य अर्धवट सोडत नसे.

आटपाडीकडच्या सुवर्णानं एकदा निबंधात ‘अनलेस’ अचूक वापरलं. सरांनी अख्ख्या स्टाफरूमला पेढे वाटले. शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली आणि हीच पोरगी यायची थांबली. रविवारी सर माझ्या मोटारसायकलवर मागं बसले. “चला आटपाडीला.”

सुवर्णा माळावर मेंढरं राखत होती. तिच्या आईचा पाय मोडला होता. वडील अवघडून म्हणाले, “आवं सर, पोरगी लय हुशार हाय. पर मेंढरं कोन बघनार?”

“मी बघतो की!” सर म्हणाले.

आणि खरंच बघितली. दर रविवारी सुवर्णा बाभळीखाली बसून लिहायची आणि सर काठी घेऊन मेंढरांमागं धावायचे. मेंढरं त्यांना अजिबात जुमानत नसत. एका कोकरानं तर तिचा निबंधच खाल्ला. “खा बाबा,” सर म्हणाले, “पण पूर्णविरामापर्यंत खा. मधेच सोडू नकोस.” सुवर्णा पोट धरून हसली, मग तोच निबंध तिनं पुन्हा लिहिला, आधीपेक्षा चांगला.

पोरगी पहिल्या वर्गात पास झाली. तोवर आईही हिंडाफिरायला लागली होती. मला वाटलं, सुटलो.

पुढच्याच रविवारी सकाळी सर हेल्मेट घालून दारात हजर.

“आता कशाला सर? झाली की पास!”

“तिच्या आईनं जेवायला बोलावलंय.”

“मागच्या रविवारी जेवलो की आपण.”

सर हेल्मेटचा पट्टा चाचपत राहिले. त्यांच्या मंडळींना जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा परदेशात.

“तिथं ताटात भाकरी वाढतात ना,” ते हळूच म्हणाले, “तवा कुणीतरी म्हणतं, अजून एक घ्या.”

मी किल्ली घेतली.