चामड्याचा कोट आणि उरकुडाजींचं नाक

उरकुडाजी कोणाला भेटले की आधी त्याचा वास घेत आणि मग रामराम करत. समोर येऊन मान जराशी पुढे काढायची, नाकपुड्या फुलवायच्या, डोळे मिटायचे आणि निकाल सांगायचा. "आज लाखोरीची डाळ केली ना घरी? अन् बुडाले लागली थोडी." डाळ खरोखरच लागलेली असे. आपण काही बोलायच्या आत त्यांचं ठरलेलं वाक्य येई, "नाक लबाडी करत नाही बाप्पा."

चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी ज्या गावांच्या धानाला मिळतं, त्यांतलं आमचं एक गाव. तिथे माझं किराणा दुकान. गावात दुसरं दुकान नसल्यामुळे सगळे माझ्या ओसरीवर येऊन बसत, आणि उरकुडाजी तर रोजचे. ते दारातूनच सांगत, "शेठ, कोपऱ्यातल्या पोत्याले ओल लागून रायली." सांगणं बरोबर असे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हे ते दुकानात गिऱ्हाइकं उभी असतानाच सांगत. मला बाजूला घेऊन सांगावं एवढा पोच त्या नाकाला नव्हता.

बाकी माणूस सोन्यासारखा. घराणं तलाव बांधणाऱ्या कोहळी लोकांचं, गावामागचा लहान तलाव त्यांच्या पूर्वजांनीच बांधलेला. बायको सगुणाबाई वारून काही वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि त्यांचा बैल लाख्या, असे दोघेच. लाख्या एके काळी शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीत, धावलेला. आता म्हातारा झाला होता आणि दोन्ही डोळ्यांनी आंधळा. तो वासरू असताना त्याची गाय मेली, तेव्हा सगुणाबाईंनी त्याला भाताची पेज पाजून वाढवलं होतं. डोळे गेल्यापासून तो उरकुडाजींच्या हातूनच खाई. तेही आधी हाताचा वास घेई आणि मगच तोंड उघडी. सवयी घरातल्याच लागतात.

पावसाळ्याच्या तोंडावर सगळं गाव कपड्यांच्या पेटीत टाकायला माझ्याकडून डांबराच्या गोळ्या नेई. उरकुडाजींनी कधी नेल्या नाहीत. एकदा मी आपण होऊन पुडी पुढे केली, तर एरवी हसतमुख असलेला हा गृहस्थ माझ्यावर उखडलाच. "ते माह्या घरी देऊ नोको शेठ. माह्या पेटीजवळ तर नोकोच नोको." एवढं तिखट नाक, त्याला डांबर सोसत नसेल, असं समजून मी पुडी परत ठेवली.

तर गोष्ट दुसरं महायुद्ध संपलं त्या हिवाळ्यातली. उरकुडाजींच्या छातीत कफ धरला. वैद्यांनी बजावलं की छाती उघडी टाकाल तर होळी बघणार नाही. आणि हे रात्री झोपत कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, लाख्याशेजारी. घोंगडी उंदरांनी खाल्लेली. कपडा कंट्रोलमध्ये, म्हणजे सरकारी मापाने मिळणारा, लोकांना धड धोतर मिळत नव्हतं तिथे गरम कपडा कुठला? शेवटी ते काखेत दोन कोंबडे धरून गोंदियाला गेले. स्टेशनाबाहेर एक व्यापारी पलटणींचा उरलासुरला माल घेऊन बसला होता. बूट, पट्टे, पाण्याच्या बाटल्या आणि एक चामड्याचा कोट. "असली चमड़ा है दाऊ," तो म्हणाला, "ठंडी को अंदर घुसने का रास्ता ही नहीं." उरकुडाजींनी कोंबडे दिले आणि कोट अंगात घालूनच गावी परतले.

आता तुम्ही विचाराल, माणसालाही हुंगून पाहणाऱ्या या गृहस्थाने कोट कसा हुंगला नाही? हुंगला होता हो. पण त्या दिवशी त्यांना सणसणीत पडसं झालं होतं. जन्मात एकदा नाक बंद पडलं आणि नेमकं त्याच दिवशी त्यांनी खरेदी केली.

पुढे दोन-तीन दिवसांनी नाक उघडलं. सकाळी त्यांच्या अंगणातून हाक आली म्हणून मी आणि बायको धावलो. उरकुडाजींनी कोट काठीच्या टोकाला धरला होता आणि काठी जेवढी लांब धरता येईल तेवढी लांब धरली होती.

"शेठ, याच्यात तीन मानसं आहेत," ते म्हणाले. "एक शिगरेट पेणारा. एक मोटारीचं तेल सांडवनारा. तिसऱ्यानं महिनाभर आंग धुतलं नाही."

"मग आता?"

"थांब ना. अन् एक ओलं कुत्रं."

माझ्या बायकोने पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "कुत्रं तर मलेबी समजलं भाऊजी."

इथवर हसण्यावारी होतं. पण कोट आल्यापासून लाख्याने खाणं का टाकलं होतं, ते त्या संध्याकाळी कळलं. उरकुडाजी पाण्यात भिजवलेली ढेप, म्हणजे तेलबियांची पेंड, घेऊन कोठ्यात गेले, तर लाख्या फुरफुरत मागे सरला. कोट काढून ठेवला, हात पुढे केला. लाख्याने हात हुंगला आणि तोंड फिरवलं. कोटाचा वास अंगाला लागला होता. आंधळ्या जनावराच्या लेखी त्याचा धनी कुठेतरी निघून गेला होता आणि त्याच्या जागी तीन परके आणि एक कुत्रं आलं होतं. कोट घातला तर लाख्या उपाशी, काढला तर खोकल्याने उरकुडाजींचा जीव जायची पाळी. मी म्हटलं, तुम्ही घरात झोपा, बैलाला मी चारतो. मी चारायला गेलोही. माझ्या हाताला लाख्याने नाकसुद्धा लावलं नाही.

मग गाव कामाला लागलं. आमच्या गावाला दुसऱ्याच्या भानगडीत जेवढा उत्साह, तेवढा स्वतःच्या शेतात असता तर धान ठेवायला जागा पुरली नसती. कोणी म्हणालं, उन्हात टाका. उन्हात कोट तापला आणि वास आणखी जागा झाला. कोणी म्हणालं, कडुनिंबाच्या पाल्याची धुरी द्या. माझ्या दुकानातला कापूर झाला, ऊद झाला. प्रत्येक उपायानंतर उरकुडाजी डोळे मिटून कॉलर हुंगत आणि आम्ही सगळे श्वास रोखून निकालाची वाट बघत. कापरानंतर ते म्हणाले, "आता कुत्रं देवळात जाऊन बसलं." धुरीनंतर म्हणाले, "आता ते चुलीपाशी येऊन बसलं." कोट धानाच्या कोंड्यात पुरून ठेवला. त्याने मात्र बराच फरक पडला. शिगरेट गेली, मोटारीचं तेल गेलं. कुत्रं आणि तो बिनआंघोळीचा शिपाई तेवढे हलेनात.

शेवटी कोणीतरी डोकं चालवलं की तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, वारा चांगला असतो, तिथे झाडाला टांगा. उरकुडाजींनी बाह्यांतून काठी घालून कोट जांभळीच्या फांदीला टांगला. सकाळी धुक्यात कोतवाल तिकडे लोटा घेऊन गेला, तो लोटा टाकूनच परत आला. "गोरा साहेब झाडाले लटकला," एवढंच त्याला बोलता येत होतं. पाटलांची तर पाचावर धारण बसली. अर्धं गाव पाळीवर जमलं. कोट वाऱ्यावर हळूहळू गोल फिरत होता. उरकुडाजी गर्दीतून वाट काढत पुढे गेले, त्यांनी कॉलर हुंगली आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, "शिपाई आहे अजून."

आम्ही पोट धरून हसलो. ते हसले नाहीत. मी नीट पाहिलं तर त्यांचे डोळे लाल झाले होते, आणि ते धुराने नव्हते. लाख्याच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या.

त्या दुपारी ते ओसरीवर खोकत बसले असताना माझ्या बायकोने कोट हातात घेऊन उलटा केला. "भाऊजी, चामड्याले कायले दोष देता? वास तं या अस्तरात आहे. घाम अस्तर पेते. हे उसवून फेका अन् दुसरं लावा."

उरकुडाजींनी अस्तराला नाक लावलं आणि मान हलवली. "बरोबर बोलली बाई. पन दुसरा कपडा आनू कुठून?"

माझ्या घरात जास्तीचा वीतभर कपडा नव्हता, गावात कोणाच्याच नव्हता. उरकुडाजी उठून घरी गेले. ते पुष्कळ वेळाने आले, तेव्हा त्यांच्या काखेत एक लहानसं बोचकं होतं. माझ्या ओसरीवर सोमा शिंपी मशीन घेऊन बसे. त्याच्यापुढे त्यांनी बोचकं सोडलं. आत हिरवं लुगडं होतं, लाल काठाचं, घडीवर घडी नीट बसलेलं.

सोमा म्हणाला, "धुऊन आना ना जी. मागून धुतलं तं अस्तर आकसते."

"धुवाचं नाही," उरकुडाजी म्हणाले. "अन् झटकाचंबी नाही. जसं आहे तसं लाव."

सोमाने जुनं अस्तर उसवलं, ते आम्ही परसात नेऊन जाळलं. लुगडं बेतून आत लागलं. लाल काठ बरोबर छातीवर आला. बाहेरून पलटणीचा साहेब आणि आतून लग्नाला निघालेली बाई, असा तो कोट तयार झाला. उरकुडाजींनी तो अंगात घातला, बटणं मात्र लावली नाहीत, आणि ते कोठ्याकडे निघाले. मी मागोमाग.

लाख्याने चाहूल घेतली आणि पहिल्यासारखाच फुरफुरला. उरकुडाजी हललेसुद्धा नाहीत. कोट उघडा धरून नुसते उभे राहिले. हळूहळू लाख्याची मान पुढे आली. त्याने एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग सबंध तोंड कोटाच्या आत घातलं आणि तसाच उभा राहिला. इतका वेळ की मला वाटलं, बैल झोपलाच. मग तो बारीक आवाजात हंबरला. म्हाताऱ्या बैलाचा नव्हे, वासराचा म्हणावा तसा तो आवाज होता. उरकुडाजींनी ढेपीचा गोळा पुढे केला, तो त्याने खाल्ला. दुसराही खाल्ला.

"बुढीचं लुगडं," उरकुडाजी माझ्याकडे न बघता म्हणाले. "अंगावरचं शेवटचं. पेटीत बंद करून ठेवलं होतं. सालातून एक डाव, पोळ्याच्या दिवशी, झाकन जरासं उघडत होतो. जास्त उघडलं तं वास उडून जाते ना शेठ."

डांबराच्या गोळ्या ते घरात का येऊ देत नव्हते, ते मला आत्ता उमगलं. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "आता तर उडूनच जाईल, उरकुडाजी."

"जाऊ दे. तिनं याले पेज पाजून वाढवलं. तिच्या पेटीसाठी मी याले उपाशी मारू काय?" त्यांनी लाख्याच्या मानेवर हात फिरवला. "आताबी तीच चारून रायली त्याले, पाह्य ना."

होळीला उरकुडाजी ठणठणीत होते आणि लाख्याच्या बरगड्याही दिसेनाशा झाल्या होत्या. कोट मात्र पुढेही, ऊन चटका देऊ लागेपर्यंत, त्यांच्या अंगावर असे. दुकानाच्या पायरीशी आले की ते वरचं बटण काढत, मान खाली घालून स्वतःच्याच कोटात नाक खुपसत, डोळे मिटत, आणि मग मला रामराम करत. माझा वास घ्यायचं त्यांनी सोडूनच दिलं. त्या वर्षी माझ्या कोणत्या पोत्याला ओल लागली, हे मला कोणी सांगितलं नाही.