आधी काट्यावर!

उद्यमनगरात कासमभाईंच्या घरी चहा प्यायचा तर आधी वजन करून घ्यावं लागायचं. चेष्टा नाही सांगत. खाली त्यांची फाउंड्री, वर घर, आणि जिन्याच्या तोंडालाच भंगार तोलायचा मोठा लोखंडी काटा. तुम्ही उंबऱ्यात पाय ठेवला की आतनं आरोळी यायची, "पावणं, आधी काट्यावर!" मग भाई दांडीवरचं वजन सरकवत सरकवत आकडा जुळवणार आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात पुकारणार. "ब्याऐंशी! दिवाळीपास्नं वाढलासा की हो!" माझे सासरे आजऱ्याहून पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांचाही पुकारा झाला. सासरे पुन्हा त्या जिन्याकडं फिरकले नाहीत. गल्लीतल्या बायका तर भाभींकडं मागच्या दारानंच जायच्या.

ह्या खुळाला कारण होतं. कासमभाई विमान चालवायचे. तेव्हा स्कूटरला नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं वाट बघत बसायची, आणि हा गृहस्थ विमान चालवायचा! उजळाईवाडीच्या धावपट्टीवर आम्हा हौशी लोकांच्या क्लबचं एक छोटं विमान होतं. दोनच माणसांचं. पुढं चालवणारा, मागं बसणारा. "इमानात जागा बघायची नसती, वजन बघायचं असतं," हे भाईंचं ठरलेलं वाक्य. न तोललेला माणूस त्यांनी विमानात कधी घेतला नाही. एकदा एक पुढारी काट्यावर चढायला लाजले. भाईंनी त्यांना हारतुऱ्यांसकट जीपमध्ये बसवून परत पाठवलं.

मी गाड्यांच्या सीटा शिवणारा. क्लबात घुसलो तो सीटांमुळंच, नाहीतर मला कोण विचारतोय? एक दिवस भाई म्हणाले, "आप्पा, मागच्या सीटचा पट्टा वीतभर लांब कर."

"कुणाला बसवताय? तालमीतला पैलवान?"

"तू शीव की गप."

शिवला. पैलवान काही कधी आला नाही.

आणखी एक तऱ्हा सांगतो. भाई विमान घेऊन पन्हाळ्यावरनं जायचे, राधानगरीच्या धरणावरनं जायचे, पण कुरुंदवाडकडं कधी म्हणजे कधी वळायचे नाहीत. आमच्या क्लबातल्या डॉक्टरांना तिथला संगम वरनं बघायचा होता. भाई म्हणाले, "तिकडची हवा बरी न्हाय." आता कुरुंदवाड म्हणजे भाभींचं माहेर. डॉक्टर म्हणाले, सासुरवाडीला भीत असणार बेटा. आम्ही पोट धरधरून हसलो.

मग निघालं इंजिनाचं प्रकरण. जुनं इंजिन पार थकलं होतं. उन्हाळ्यात धावपट्टी संपत आली तरी विमान उठायचं नाव घेत नसे. जास्त ताकदीचं नवीन इंजिन बसवायची परवानगी सरकारकडून आली आणि सगळे खूश झाले. आडवे आले फक्त कासमभाई.

"नवीन इंजिन जड हाय," ते बैठकीत म्हणाले. "इमानानं एकूण किती वजन उचलायचं ती हद्द तीच ऱ्हाणार. म्हंजे इंजिन जेवढं वाढलं, तेवढा मागचा माणूस कमी."

साखर कारखान्यातले पाटील चक्रावले. "ताकद जास्ती आन् माणूस हलका? म्हस थोरली आन् दूध कमी? ही कसली म्हस काढलीसा भाई?"

"तसलीच हाय."

"मग हलकी माणसं बसतील," डॉक्टर म्हणाले. "उद्या हे जुनं इंजिन कुणाला तरी घेऊन उसात पडलं म्हणजे?"

डॉक्टरांचं बरोबर होतं, पण भाई हटेनात. नवीन इंजिन पेट्रोल जास्त खातंय म्हणाले, आवाज मोठा करतंय म्हणाले, शेवटी त्याचा रंग बरा न्हाय म्हणाले. अहो, इंजिनाचा रंग! पुढच्या रविवारी दुपारी हात वर करून निकाल लावायचा, असं ठरलं. "तवर जुनं असू द्या," एवढंच भाई बोलले. शेंगदाण्याची वाटी रिकामी केल्याशिवाय बैठकीतनं न हलणारा माणूस वाटी तशीच ठेवून निघून गेला. मला काही ते बरं वाटलं नाही.

दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो, मागच्या दारानं, कारण माझंही वजन वाढलं होतं. भाभी भाकरी थापत होत्या. अंगानं चांगल्या भरलेल्या. त्यांच्याकडं बघता बघता तो वीतभर पट्टा माझ्या डोक्यात लख्ख झाला.

"भाभी, तुम्ही का हो कधी विमानात बसत नाही?"

"कशी बसू, आप्पाभाऊ? लगीन झालं तवा म्हटलं होतं ह्यांनी, तुला वरनं कुरुंदवाड दाखवतो. पंचगंगा कृष्णेत शिरती ती वरनं कशी दिसत असंल, एवढंच मी इचारलं होतं. मग हा काटा आणून ठेवला. तोलल्याबिगर बसायचं न्हाय, आन् तोललं की गल्लीभर पुकारा! मी म्हटलं, मी न्हाय चढायची. पुन्हा इचारलं न्हाय. इसरले असतील."

मला असा राग आला दोघांचा! "विसरले? मागचा पट्टा वीतभर वाढवून घेतलाय माझ्याकडनं, तो कुणासाठी? आजवर कुरुंदवाडावरनं विमान नेलं नाही, ते तुमच्याशिवाय बघायचं नाही म्हणून. आणि नवीन इंजिन बसलं की मागं हलकाच माणूस चालणार. म्हणून भांडतंय ते येडं!"

तव्यावरची भाकरी करपली, तरी भाभींचं लक्ष नव्हतं.

शनिवारी सकाळी मी आणि भाई काट्यापाशी बोलत उभे होतो. भाभी जिना उतरून आल्या, चपला काढल्या आणि सरळ काट्यावर उभ्या राहिल्या.

"बघा," म्हणाल्या.

फाउंड्रीतल्या माणसांनी हातातलं काम टाकलं. समोरच्या पानपट्टीवाल्यानं मान बाहेर काढली. भाईंनी वजन सरकवायला घेतलं. दांडी सरळ झाली. सवयीनं त्यांनी तोंड उघडलं. मी डोळेच मिटून घेतले. पण आवाज काही आला नाही. बघतो तर भाईंनी तोंड मिटलेलं आणि वजन भराभरा मागं शून्यावर नेलेलं.

"किती वो भाई?" पानपट्टीवाला ओरडला.

"तुला काय करायचंय रं?" भाई त्याच्यावर खेकसले. मग भाभींना म्हणाले, "बसतंय. जुन्या इंजिनावर बसतंय." हा माणूस हळू बोलू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

रविवारी सकाळी पट्टा मी स्वतः आवळला. तो चांगलाच सैल निघाला.

"एवढी जाड वाटते व्हय मी ह्यास्नी?" भाभी म्हणाल्या.

"कमी पडू नये म्हणून," पुढनं भाई पुटपुटले.

विमान धावलं, धावलं, आणि धावपट्टीच्या पार टोकाला कसंबसं उठलं. मग ते कुरुंदवाडच्या दिशेनं वळलं आणि दिसेनासं झालं.

परत आले तेव्हा भाभींचे डोळे लाल होते. वाऱ्यानं, म्हणाल्या. मी भाईंना विचारलं, "कसा दिसला संगम?"

"मला काय ठावं? मी मागं वळून हिच्याकडंच बघत होतो."

दुपारी बैठक बसली. पाटील घसा खाकरून नव्या इंजिनाची बाजू मांडायला उठले, तर कासमभाईंचा हात आधीच वर.

"बसवा नवीन," ते म्हणाले. "सकाळी धावपट्टी सराय लागली तवा कळलं. मागं आपलं माणूस बसलं की कळतंय."

"मग वहिनी पुन्हा कशा बसणार हो?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाय बसायची. एकदा दाखवायचं होतं, दाखवलं."

खाली बसत पाटलांनी विचारलं, "आन् भाई, रंगाचं काय?"

"रंगाला काय धाड भरलीया!"

सगळे हसले. भाईंनी वाटीतले शेंगदाणे मूठभर उचलले, आणि बाहेर लिंबाच्या सावलीत बसलेल्या भाभींना नेऊन दिले.