उजवीकडे कललेली जीप

जीप दारात उभी राहिली तेव्हा तोतारामआबांना आपलीच गाडी ओळखू येईना. ती चक्क सरळ उभी होती.

लग्नाच्याच वर्षी आबांनी हावरटासारखे केळीचे घड तिच्यात कोंबले आणि तिची चेसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, वाकला. तेव्हापासून गाडी ड्रायव्हरच्या बाजूला, उजवीकडे कललेली. पोरानं, नवीननं, ती पिंप्राळ्याच्या निंबा मिस्तरीकडे नेली, सांगाडा सरळ करून घेतला, वर स्प्रिंगच्या नव्या पट्ट्या बसवल्या आणि गाडी वीतभर उंचही करून आणली. तीही नेमकी आज! लग्नाच्या वाढदिवसाला याच जीपमधून मुक्ताईच्या दर्शनाला जायचा नवराबायकोचा जुना नेम होता.

सुनंदाबाई पाटावर पाय देऊन कशाबशा चढल्या. गाडी उजवीकडे ओढते म्हणून स्टिअरिंग डावीकडे दाबून धरायची आबांच्या हाताला सवय. सुधारलेल्या जीपनं हाताचं निमूट ऐकलं आणि ती थेट शेजारच्या उखर्डूच्या केळीच्या बागेत शिरली.

"आबा, रस्ता इकडे हाये!" उखर्डू बांधावरून ओरडला.

"मले काय सांगतं? माह्या हाताले सांग!"

पण केळी मोडल्याचं आबांना फारसं काही वाटलं नाही. खरं दुःख शेजारी बसलं होतं, तेही लांब. नवी नवरी असताना सुनंदाबाई अशाच पुढच्या बाकाच्या टोकाला अंग चोरून बसत, कारण मागे सासूबाई असत. पण पहिल्याच खड्ड्याला घसरत त्या आबांच्या खांद्याला येऊन टेकत. सासूबाई खाकरल्या की म्हणत, "मी काय करू? गाडीच तशी हाये!" त्या एका सबबीवर दोघांचा संसार गोडीनं झाला होता. आज मात्र दोघांमध्ये नारळाची पिशवी मावेल एवढी जागा होती, आणि पिशवी तिथे होतीच.

दर्शन घेऊन दोघं परत आले. आबांना चहासुद्धा गोड लागेना. शेवटी गोठ्यामागे जाऊन त्यांनी फोन लावला.

"निंबा, ती गाडी परत वाकडी करून दे."

"काय? लोके वाकडी गाडी सरळ कराले येतस, आबा! तुमनं डोकं ठिकाणवर शे ना?"

आता खरं कारण मिस्तरीला कसं सांगायचं? "माह्या हाताले सवय हाये रे," आबा पुटपुटले.

"मंग हात नीट करी ल्या!" म्हणत निंबानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी भुसावळला लग्नाला जायचं होतं. नवीन मागे बसला. आबा पडक्या चेहऱ्यानं स्टिअरिंगवर आले आणि पाहतात तो, सुनंदाबाई आधीच चढून बसलेल्या. बसल्या जागी, दाराच्या बाजूनं अंगाखाली, त्यांनी गोधडीची जाड घडी सारली होती.

"हे काय?"

"बाक टोचते," समोर बघत सुनंदाबाई म्हणाल्या.

गाडी निघाली. पहिला खड्डा आला आणि ओळखीचा खांदा आबांच्या खांद्याला येऊन टेकला.

"आई, नीट बस ना. बाबांना गाडी चालवू दे," नवीन मागून म्हणाला.

"मी काय करू?" सुनंदाबाई जागच्या हलल्या नाहीत. "गाडीच तशी हाये!"