गोटीराम घरत यांणी गच्ची सर केली त्याची हकीगत

श्री. शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सर, मुक्काम जुईनगर. ज्यांचे घरास जिना आहे आणि छातीत काळीज आहे, त्या सर्वांस कळावे म्हणोन जाहले वर्तमान जैसेचे तैसे लिहिले आहे.

राजमान्य गोटीराम घरत, मूळ वतन जासई, वय वर्षे चौसष्ट, चौमजली इमारतीचे धनी. इमारतीस लिफ्ट नाही, आणि गच्चीवरील टाकीचा कॉक रोज सकाळी खासा जाऊन फिरवावा, हा अधिकार त्यांणी वीस वर्षे कोणास दिला नाही. मग यंदा ऐसे जाहले की, दुसरा मजला येतांच छातीवर पाटा ठेविल्यासारखे होई, आणि स्वारी भाडेकरूंचे दारावरील पाट्या वाचण्याचा बहाणा करोन उभी राही.

कुटुंब शकुबाई बहुत चाणाक्ष. ज्या पाट्या धन्यांनीच ठोकिल्या त्या रोज वाचण्याचे प्रयोजन काय, हे मनी आणोन त्यांणी सूनबाई तेजश्री, ज्यांचे तळमजल्यावर औषधांचे दुकान, यांशी मसलत केली, आणि मग उभयतांनी स्वारीस रिक्षात घालोन डॉक्टरांचे हुजुरास नेले. तपासांती ठरले की, काळजास रक्त नेणाऱ्या वाटा अरुंद, त्यांत वरचेवर आवळतात, आणि चढणीस रसद कमी पडते. सबब कॅल्शियम चॅनल ब्लॉकर नामे गोळी रोज घ्यावी, ऐसे फर्मान सुटले.

नाव ऐकोनच स्वारीने धास्ती घेतली. कॅल्शियम अडले तर हाडे जातील, हा वहीम धरोन गोळी तोंडाऐवजी सदऱ्याचे खिशात रवाना होऊ लागली.

तेरावे दिवशी टाकी भरोन वाहिली आणि पाणी जिन्यावरोन उतरले, परंतु स्वारी उतरेना. शकुबाई तांतडीने चढल्या, तो तिसरे मजल्यावर गोटीराम पायरीवर बसलेले, कपाळी घाम, हात छातीवर. बाईंनी सुनेस हाक दिली, धन्यांस भिंतीस टेकविले, आणि सदऱ्याची बटणे सोडितां खिशातून गोळ्या घरंगळल्या.

“ह्या गोल्या खिशान कशाला?”

“हाडा ठिसूल व्हतील म्हून. मंग गच्चीवर कोन जानार?”

“तुमी नसलाव त मी भांडू कोनाशी?” बाई इतकेच बोलिल्या, आणि हात सोडिला नाही.

मग स्वारी इस्पितळात दोन रोज राहिली. तेथे तेजश्री यांणी खाटेशी बसोन वहीम फेडिला. “पप्पा, ही गोळी हाडांतलं कॅल्शियम काढत नाय. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायू असतो, त्याच्यात कॅल्शियम घुसलं की ती आवळते. गोळी तेवढंच दार अडवते. मग वाट सैल होते, हृदयाला रक्त मिळतं, आणि त्याच्यावरचा लोडपण कमी होतो.”

मग स्वारीने पाणी मागोन स्वहस्ते गोळी घेतली. पुढे गोळीपायी घोटे सुजले, स्वारीने पुन्हा बंड योजिले, परंतु परस्पर गोळी सोडू नये ऐशी सुनेची सक्त ताकीद, म्हणोन डॉक्टरांस पाय दाखविले. त्यांणी मात्रा उतरविली आणि सूज ओसरली.

मग माघ शुद्ध सप्तमीस, सकाळी आठाचे सुमारास, डॉक्टरांचे परवान्याने गोटीराम व शकुबाई उभयतां चढो लागली. पहिला मजला घेतला, दुसरा घेतला, छातीत कळ नाही. तिसऱ्यावर थांबणे जाहले, ते बाईंचे गुडघे कुरकुरले म्हणोन. गोटीरामांनी हात दिला, आणि घाई केली नाही. मग गच्ची फत्ते जाहली. आणि कॉक फिरविण्याचा मान त्या दिवसापासोन शकुबाईंकडे कायम जाहला. येणेप्रमाणे नोंद केली असे.